बायप्लेनचा वरचा पंख वाकडा बसतोय? आधी खाली बघा

पहिल्या महायुद्धातल्या बायप्लेनचं, म्हणजे एकावर एक दोन पंख असलेल्या विमानाचं, प्लास्टिक किट जोडताना धड जुळतं, खालचा पंख बसतो, रंग होतो आणि गाडी अडते ती वरच्या पंखापाशी. पुढे जे आहे ते १/७२ आणि १/४८ (खऱ्या विमानाचा ७२वा किंवा ४८वा भाग) या दोन मापांना लागू आहे. उदाहरणं बहुतेक सॉपविथ कॅमल या ब्रिटिश लढाऊ विमानाची घेतली आहेत, कारण इथे सगळ्यात जास्त तेच जोडलं जातं आणि सगळ्यात जास्त घोटाळाही त्याच्यातच होतो.

लक्षणं

मॉडेल सपाट जागी ठेवा, डोळे टेबलाच्या पातळीवर आणा आणि समोरून, म्हणजे प्रोपेलरच्या बाजूने, एक डोळा मिटून बघा. मग बरोबर वरून बघा.

- समोरून वरच्या पंखाचं एक टोक वर, दुसरं खाली.
- वरून बघितलं की पंख फिरलेला. एक टोक पुढे, एक मागे.
- वरचा पंख पेलणाऱ्या दांड्यांपैकी (स्ट्रट) तीन बसतात, चौथा भोकाच्या खाली लोंबत राहतो. त्याला बसवावं तर पहिला निसटतो.
- रंगाआधी सगळं जुळत होतं, रंगानंतर बसेना.
- रात्री सरळ होतं, सकाळी कललेलं.
- दोन पंखांमधल्या तारा ओढल्यावर एका बाजूची ताठ, दुसऱ्या बाजूची लोंबकळती.

यातली तिसरी तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि तिच्यावर लोक हमखास चुकीचा इलाज करतात: सुपर ग्लूचा थेंब टाकायचा आणि बोटाने दाबून धरायचं. पंख बसतो, पण प्लास्टिकमध्ये ताण राहतो. दोन-चार दिवसांत दुसरीकडचा सांधा सुटतो आणि वर तो सुपर ग्लू काढण्याचं नवं काम मागे लागतं.

दोष वर दिसतो, पण कारण बहुतेक वेळा खाली किंवा मध्ये असतं. धडावरून वरच्या पंखाच्या मध्यभागी जाणारे जे चार आखूड स्ट्रट असतात, त्यांना इथे ‘मधले स्ट्रट’ म्हणू या. १/७२ च्या कॅमलचा वरचा पंख सुमारे ११८ मि.मी. लांब भरतो. मधल्या स्ट्रटच्या डाव्या-उजव्या जोडीत वरच्या बाजूला १२ मि.मी. अंतर आहे असं धरा. त्यातली एक बाजू ०.३ मि.मी. उंच राहिली, म्हणजे जाड रंगाइतकी, तर पंखाच्या दोन टोकांच्या उंचीत जवळजवळ ३ मि.मी. फरक पडतो. दहापट! म्हणून टोकाशी कितीही झटापट केली तरी उपयोग होत नाही.

१. आधी मोजा, पंखाला हात लावू नका

खर्च जवळपास शून्य. फोटो फ्रेमवाल्याकडून एक फूट बाय एक फूट, ५ मि.मी. जाडीचा काचेचा तुकडा कडा घासून घ्या. खाली आलेख कागद ठेवा. सांगलीच्या विश्रामबागेत इंजिनिअरिंग कॉलेजच्या आसपास स्टेशनरीच्या दुकानांत ए३ आकाराचा मिळतो. जेवणाचं टेबल आणि सनमायका डोळ्यांना सपाट दिसतात, पण बहुतेक वेळा नसतात. काच सपाट असते.

धडाची मधली रेघ कागदाच्या जाड रेघेवर आणा. चारही टोकांची काचेपासूनची उंची मोजा: वरच्या पंखाची दोन, खालच्याची दोन. शेपटीच्या आडव्या पंखाचीही बघा. वरचा, खालचा आणि शेपटीचा असे तिन्ही एकाच बाजूला सारखे कलले असतील तर पंख निर्दोष आहे आणि चाकांचा आस तिरका बसलाय. या एका तपासणीत कितीतरी मॉडेलांचे पंख उगाच उपटले जाण्यापासून वाचतात. चाकं शेवटी लावावीत हे यासाठीच.

पंख फिरलाय का ते बघायला दोरा पुरतो. शेपटीच्या उभ्या खांबापासून वरच्या पंखाच्या डाव्या मागच्या कोपऱ्यापर्यंत दोरा धरा, चिमटीत पकडा, तोच उजवीकडे न्या. १/७२ ला १ मि.मी. आणि १/४८ ला दीड मि.मी. पर्यंतचा फरक सोडून द्या. टायगर मॉथसारख्या विमानांचे पंख मुळातच मागे झुकलेले असतात. तिथे डोळा फसतो, दोरा फसत नाही.

२. भोकं साफ आहेत का

रंगानंतर बसेनासं झालं असेल तर नव्वद टक्के उत्तर इथेच आहे. प्रायमर, रंगाचे दोन हात आणि वार्निश एवढं सगळं स्ट्रटच्या टोकावर चढतं आणि भोकाच्या आतही उतरतं. एक मि.मी. पेक्षा लहान भोकात दोन्ही बाजूंनी थोडाथोडा थर बसला की टोक तळाला पोचत नाही, अर्ध्यावर अडकतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. प्लास्टिक सिमेंट म्हणजे चिकटवणारा डिंक नव्हे. ते दोन्ही बाजूंचं प्लास्टिक विरघळवतं आणि एकजीव करतं. मध्ये रंग असेल तर जोड रंगाशी होतो, प्लास्टिकशी नाही, आणि रंगाच्या पापुद्र्यासकट सुटतो. रात्री सरळ, सकाळी कललेलं, या तक्रारीमागे बहुतेक हेच असतं.

भोकाच्या मापाचं ड्रिल बिट पिन व्हाइसमध्ये (बोटांनी फिरवायची बिटाची मूठ) लावून दोन-तीन वेढे फिरवा, मोटारीवर नको. स्ट्रटच्या टोकावरचा रंग ब्लेडच्या पाठीने खरवडून पांढरं किंवा राखाडी प्लास्टिक उघडं करा. पुढच्या वेळी रंगापूर्वीच प्रत्येक भोकात टूथपिकचं टोक खुपसून ठेवा आणि स्ट्रटच्या टोकांना मास्किंग टेप गुंडाळा.

३. स्ट्रट आपल्या जागी आहेत का

पुढचे आणि मागचे स्ट्रट सारखे दिसतात, पण क्वचितच सारखे असतात. पंखाचा पुढचा काठ मागच्यापेक्षा थोडा उचललेला असतो, शिवाय वरचा पंख बहुतेक विमानांत खालच्याच्या पुढे सरकलेला असतो. या सरकण्याला स्टॅगर म्हणतात. त्यामुळे लांबीत आणि कापाच्या कोनात फरक येतो. स्प्रूवरून (किटचे भाग जिला जोडून येतात ती प्लास्टिकची चौकट) सगळे एकदम कापून वाटीत टाकले की संपलं. एकेक कापा आणि टेपच्या तुकड्यावर नंबर लिहून चिकटवा.

आधीच कापले असतील तर वर्निअरने मोजा. डाव्या-उजव्या जोडीत ०.१ मि.मी. पेक्षा जास्त फरक असेल तर टोकाशी स्प्रूच्या कापाची गाठ राहिलीये. ६०० च्या वॉटर पेपरवर एक-दोन घासे, पुन्हा मोजा. लांब आहे तो घासून कमी करता येतो, आखूड आहे तो वाढवता येत नाही, म्हणून हात आवरा.

४. खालचा पंख

इथे थोडं थांबून बघायला हवं, कारण इथे चूक घडते ती अज्ञानाने, हलगर्जीने नव्हे.

समोरून बघितल्यावर पंख मुळापासून टोकाकडे जो वर चढत जातो, तो चढ म्हणजे डायहेड्रल. कॅमलच्या वरच्या पंखाला डायहेड्रल नाही. उत्पादन सोपं व्हावं म्हणून तो सरळसोट केला आणि त्याची भरपाई म्हणून खालच्या पंखाचा चढ वाढवून ५ अंश ठेवला. त्यामुळे समोरून दोन पंखांमधलं अंतर टोकांकडे कमी होत जातं. हा दोष नाही, विमानच तसं होतं. एस.ई.५ए या त्याच काळातल्या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानात मात्र दोन्ही पंख वर चढतात. आपल्याकडे ही दोन्ही विमानं आवडीने जोडली जातात. भारतीय वैमानिकांपैकी हरदित सिंग मलिक १९१७ मध्ये २८ स्क्वॉड्रनमधून कॅमल उडवत होते, तर इंद्रलाल रॉय १९१८ मध्ये ४० स्क्वॉड्रनमधून एस.ई.५ए. एकाचं चित्र बघून दुसऱ्याचा पंख ‘सरळ’ करायला गेलात तर काहीही जुळणार नाही.

आता आकडा बघा. कॅमलच्या खालच्या पंखाचा चढ ५ ऐवजी ४ अंश राहिला, तर मुळापासून ४० मि.मी. वरच्या बाहेरच्या स्ट्रटपाशी सुमारे ०.७ मि.मी. फट पडते. स्ट्रट आखूड वाटतो, पण तो बरोबरच असतो. पंखच खाली राहिलेला असतो.

तपासायला पुठ्ठ्याचे दोन सारखे ठोकळे करा. ५ अंशांसाठी उंची काढायची सोपी रीत: मुळापासून टोकापर्यंतची लांबी गुणिले ०.०८७५. ५४ मि.मी. लांबीला ४.७ मि.मी. येतात. पंखाचं मूळ काचेवर टेकेल असं धड धरून टोकांखाली ठोकळे सरकवा. दोन्हीकडे जेमतेम शिवले पाहिजेत. एकीकडे ठोकळा सैल सरकत असेल तर ती बाजू वर राहिलीये, घुसतच नसेल तर खाली बसलीये.

पंख नीट न बसण्याचं एक लपलेलं कारण कॉकपिटमध्ये असतं. आतली फळी किंवा इंजिनमागची भिंत रंगामुळे जाड झाली की धडाचे दोन भाग पूर्ण मिटत नाहीत. आपण पुट्टी भरून फट झाकतो, पण धड अर्धा मि.मी. रुंद झालेलं असतं आणि खालच्या पंखाची खाच त्याला अपुरी पडते. इलाज म्हणजे धड चिकटवण्यापूर्वी आतले भाग कडांना घासून बारीक करणं. चिकटवून झालं असेल तर धडाला हात न लावता खाचेच्या कडा घासा.

५. पंखच वाकलाय का

वरचा पंख एकटा काचेवर ठेवा आणि टोकं हळूच दाबा. डुगडुगला तर पीळ आहे. पातळ प्लास्टिकला एप्रिल-मेचा उन्हाळा सोसत नाही. पार्सल स्कूटरच्या डिकीत किंवा पत्र्याखाली दुपारभर राहिलं तर पंखाचा केळीच्या पानासारखा बाक होतो.

पाणी उकळा, गॅस बंद करा, चार-पाच मिनिटं थांबा. उकळत्या पाण्यात घातला तर पंखावरचे कापडाचे उठाव आणि मागची पातळ कड बिघडते. वाकलेला भाग २०-३० सेकंद बुडवा, बाहेर काढून बोटांनी उलट्या बाजूला किंचित जास्त वाकवा आणि तसाच धरून गार पाण्यात घाला. काचेवर तपासा. एका खेपेत होत नाही, तीन-चार खेपा लागतात. हे रंगाच्या आणि चिकटवण्याच्या आधीच. रेझिनचा भाग असेल तर तो याहून लवकर मऊ पडतो, पाणी आणखी निवू द्या.

६. साचा करून उलटं जोडा

आतापर्यंतचं सगळं ठीक आहे आणि तरीही पंख कलतोय, तर पंख हातात धरून जोडणं सोडा. साचा करायला लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यासारखं काही नाही. ताठ असतो, ब्लेडने स्वच्छ कापला जातो आणि प्रत्येक घरात गठ्ठ्याने असतो.

किटच्या सूचनापत्रकातलं समोरचं चित्र मॉडेलच्या मापाचं आहे का बघा. नसेल तर झेरॉक्सवाल्याकडून तेवढ्या टक्क्यांनी मोठं करून घ्या. त्यावरून दोन पंखांमधल्या पोकळीचा आकार दोन पुठ्ठ्यांवर उतरवा. एक डाव्या बाजूला, एक उजव्या. दोन्ही पुठ्ठे एकावर एक ठेवून एकदमच कापा, म्हणजे फरक राहणार नाही.

वरचा पंख पालथा करून काचेवर ठेवा आणि टेपने धरा. कॅमलचा वरचा पंख सरळ असल्यामुळे तो काचेवर छान बसतो. एस.ई.५ए चा पालथा ठेवला की टोकं टेकतात आणि मध्य वर राहतो, तिथे मध्याखाली आधार द्या. मधले स्ट्रट आधी. घट्ट, बाटलीच्या झाकणाला ब्रश असतो ते सावकाश सुकणारं सिमेंट वापरा. पाच-सात मिनिटं हलवायला मिळतात. पाण्यासारखं पातळ सिमेंट इथे घाईचं ठरतं, ते नंतर जोड पक्का करताना ब्रशने शिवायचं. मग धड उलटं करून वरून आणा, पुठ्ठे दोन्ही बाजूंना सरकवा, रबर बँड ढिले लावा. घट्ट रबर बँड स्ट्रटला धनुष्यासारखा वाकवतो.

चोवीस तास हात लावू नका. बाहेरचे स्ट्रट दुसऱ्या दिवशी. मधले पक्के होण्याआधी बाहेरचे लावले की सहा-आठ सांधे एकदम सांभाळावे लागतात आणि कुणीतरी दगा देतोच.

सुपर ग्लू वापरायचाच असेल तर हे लक्षात ठेवा: तो हवेतल्या ओलाव्याने सुकतो. कृष्णाकाठच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो डोळ्याची पापणी लवते न लवते तोच धरतो, तर मार्चच्या कोरड्या दुपारी रेंगाळतो. त्याची वाफ चकचकीत रंगावर पांढरट धुके सोडते, म्हणून लावल्यावर मॉडेल डब्यात बंद करू नका.

७. टोक तुटलंय किंवा सांधा धरतच नाही

स्ट्रटमध्ये तारेची पिन घालावी लागेल. दुकानातून पितळी तार मागवायची गरज नाही, मिरज जवळ आहे. सतारीच्या बाजाची पोलादी तार साधारण ०.३ मि.मी. जाड असते आणि पिनेसाठी अगदी हवी तशी ताठ. वेटोळ्याचा बाक तिच्यात राहतो, पण पाच-सहा मि.मी. च्या तुकड्यात तो जाणवत नाही. स्प्रू कापायच्या निपरने ती कापू नका, निपरला कायमची खाच पडते. जुनी पक्कड घ्या आणि चष्मा लावा, तुकडा गोळीसारखा उडतो.

स्ट्रटच्या टोकात ०.४ चं बिट, २ मि.मी. खोल. पंखात १/७२ ला जास्तीत जास्त ०.८ मि.मी. आणि १/४८ ला दीड. त्यापुढे गेलात तर बिट पंखाच्या वरच्या बाजूने डोकावेल. बिटला त्या खोलीवर टेपची झेंडी लावा, झेंडी पंखाला टेकली की थांबा. पोलादाला प्लास्टिक सिमेंट धरत नाही, इथे सुपर ग्लूच लागतो.

८. तारा ओढल्यावर वाकतं

पंख तारांआधी सरळ होता आणि नंतर कलला, तर दोष ओढण्याच्या क्रमात आहे. मासेमारीचा नायलॉन दोरा लावून उदबत्तीची ऊब दिली की तो आक्रसून ताठ होतो, ही जुनी आणि चांगली रीत आहे. पण आक्रसताना तो पंखालाही ओढतो. एका बाजूच्या सगळ्या तारा संपवून मग दुसरीकडे वळलात की पंख पहिल्या बाजूला गेलाच म्हणून समजा.

आधी मधल्या स्ट्रटमधल्या फुलीच्या तारा. मग डावीकडची एक, लगेच उजवीकडची तीच. सगळ्या हातानेच, जेमतेम ताठ. उदबत्ती शेवटी, साधारण १ सें.मी. लांब धरून, तीही आलटून पालटून. निखारा दोऱ्याला टेकला की दोरा तुटलाच. पंख आधीच कलला असेल तर ज्या बाजूची तार सगळ्यात ताठ आहे ती एकच कापा आणि रात्रभर तसंच ठेवा. पुष्कळदा पंख आपोआप जागेवर येतो. सांधे नाजूक असतील तर नायलॉन सोडून लवचिक दोरा वापरा, तो ताणला तरी पंखाला ओढत नाही.

सारखा हाच त्रास होत असेल तर पुढचं किट फोकर डी.७ घ्या. त्याच्या पंखांना बाहेरून आवळणाऱ्या तारा मुळातच नव्हत्या.

९. उकलून पुन्हा जोडणं

सगळ्यात अवघड, म्हणून शेवटी. सांधा कशाने जोडलाय ते आधी आठवा. सुपर ग्लूचा असेल तर मॉडेल पिशवीत घालून तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने तो ठिसूळ होतो आणि हलक्या पिळाने कटकन सुटतो. सिमेंटचा असेल तर फ्रीझरचा काही उपयोग नाही, तिथे प्लास्टिक एक झालेलं आहे. बारीक दातांच्या करवतीनेच कापावं लागतं, आणि करवतीने जेवढं प्लास्टिक खाल्लं तेवढा स्ट्रट आखूड होतो. तो सातव्या मुद्द्याप्रमाणे पिन घालून पुन्हा मापात आणावा लागतो.

नेलपॉलिश रिमूव्हर किंवा ॲसिटोन लावू नका. सांधा सुटायच्या आधी पंख विरघळेल.

कुठे थांबायचं

एकच सांधा दोनदा उकलून झाला असेल तर तिसऱ्यांदा स्वतः उकलू नका. तिथलं प्लास्टिक संपलेलं असतं. अनुभवी मॉडेलकाराकडे द्या, किंवा तो भाग किटच्या कंपनीकडून सुटा मागवा. बऱ्याच कंपन्या विकत देतात, स्प्रूचा आणि भागाचा नंबर कळवावा लागतो.

मधले स्ट्रट चुरा झाले असतील आणि सुटे भाग मिळत नसतील तर पितळी पट्टीचे करून घेता येतात, पण त्याचं झाळकाम घरी सोल्डरिंग गनने करू नका. गॅरेजच्या वेल्डरकडेही नको. सोन्याचांदीचं काम करणाऱ्या कारागिराला एवढ्या लहान वस्तूला डाग द्यायचा हात असतो. त्याला पुठ्ठ्याचा साचा आणि एक शाबूत स्ट्रट नमुन्याला द्या, प्लास्टिकचं मॉडेल देऊ नका. ज्योतीजवळ ते गेलं की संपलं.

वडील-आजोबांच्या वेळचं जुनं मॉडेल असेल तर गरम पाणी, फ्रीझर, करवत यातलं काहीही त्याच्यावर करून बघू नका. जुनं प्लास्टिक कडकड मोडतं आणि वरचे स्टिकर पाण्याने सुटतात. अशा वस्तू हाताळण्याचा अनुभव असलेल्यालाच दाखवा.

सुपर ग्लू डोळ्यात उडाला किंवा पापण्या चिकटल्या तर ओढून उघडायचा प्रयत्न करू नका. कोमट पाण्याने धूत राहा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. सिमेंटच्या वासाने डोकं जड झालं तर काम तिथेच सोडून बाहेर मोकळ्या हवेत या, आणि पुन्हा बसाल तेव्हा खिडकी उघडी ठेवून बसा.